शेतकऱ्याची पाठ आणि योगासने
(आकाशवाणीवरील शेतकरी कार्यक्रमातील भाषण)

योगासनांचा विषय काढला की पारावर बसलेला कोणीतरी हमखास म्हणतो, "आम्ही दिवसभर राबतो. आम्हांला कशाला हवाय तुमचा योग? तो खुर्चीत बसणाऱ्यांना सांगा." त्यात २०१५ सालापासून योग दिवस साजरा होतो तो २१ जूनला. म्हणजे नेमके मृग सरून आर्द्रा लागण्याचे दिवस! शहरातली मंडळी मैदानात सतरंजी अंथरतात तेव्हा तुमच्या हाती तिफण असते. तेव्हा हे आपल्यासाठी नाही असे वाटले तर नवल नाही.

पण जरा विचार करा. राबणे वेगळे आणि व्यायाम वेगळा. शेतातली बहुतेक कामे माणसाला एकाच बाजूला वाकवतात, ती म्हणजे पुढे. भाताची लावणी घ्या, खुरपणी घ्या, कांद्याची लागण, ऊसतोड, ज्वारीची काढणी घ्या. मागे वाकायला लावणारे एक तरी काम आठवते का? आपल्या कण्यात दोन मणक्यांच्या मधे गादीसारखी चकती असते. तासन् तास पुढे वाकून राहिले की या चकतीच्या पुढच्या कडेवर दाब येतो आणि मागच्या बाजूचे बंध ताणले जाऊन सैल पडतात. अशा सैल पाठीने लगेच मोळी उचलली, किंवा सोळा लिटरचा भरलेला पंप खांद्याला लावला, की कमरेत उसण भरलीच म्हणून समजा. आपण मोळीला बोल लावतो, पण पाठ बिघडते ती आधीच्या दोन-तीन तासांत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे लोण्या-हळदीने मळतो. त्या मुक्या जनावराचे कष्ट आपल्याला कळतात. मग स्वतःच्या पाठीचे काय? आणि घरातल्या बाईच्या पाठीचे तर कोणी नावच काढीत नाही. दिवसभर खुरपून आली की ती पुन्हा चुलीपुढे वाकते.

म्हणून शेतकऱ्याने आसने निवडताना मागे वाकण्याची निवडावीत. डोक्यावर उभे राहण्याच्या कसरती आपल्याला नकोत. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडते ते क्ष-किरणांसारख्या साधनांनी तपासायला घेतले. तेव्हा ही गोष्ट केवळ साधू-बैराग्यांची राहिलेली नाही.

सर्वांत महत्त्वाचे आसन भुजंगासन. जमिनीवर घोंगडी किंवा गोधडी अंथरून पालथे पडा. बाजेवर करू नका, ती मधे खचते. कपाळ टेकलेले, तळवे छातीच्या दोन्ही बाजूंना, कोपरे अंगालगत. आता श्वास घेत आधी डोके, मग छाती सावकाश उचला. बेंबी जमिनीलाच राहू द्या. जोर हातांवर नको, पाठीवर हवा. पाच-सात आकडे मोजा, श्वास चालू ठेवा, आणि श्वास सोडत खाली या. असे तीन वेळा. त्यानंतर त्याच स्थितीत एकेक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचला, हे अर्धशलभासन. हिसका देऊन पाय उचलाल तर फायद्यापेक्षा तोटाच व्हायचा. शेवटी पाच मिनिटे उताणे पडून अंग सैल सोडा. सगळे मिळून पाव तास लागतो. पहाटे धारा काढण्यापूर्वी, पोट रिकामे असताना करा. जेवणानंतर किमान तीन तास नको.

शेतात घोंगडी कुठली? तिथे अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहा, तळवे कमरेवर ठेवा आणि गुडघे न वाकवता चार-पाच वेळा हळूच मागे झुका. ओझे उचलण्याआधी तर हे चुकवूच नका. हसणारे हसतील, हसू द्या.

आता मनाचे. पावसाने ताण दिला, भाव पडले, सोसायटीचा हप्ता अंगावर आला, की माणूस अंथरुणावर पडतो पण डोळा लागत नाही. योगाने कर्ज फिटत नाही, हे आधीच सांगतो. पण झोप लागली तर सकाळी डोके ठिकाणावर असते, आणि निर्णय त्याच डोक्याने घ्यायचे असतात. मनगटावर बोटे ठेवून नाडी बघा. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. म्हणून निजण्यापूर्वी ताठ बसून चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा ते आठ आकडे मोजत सोडा. मधे कोंडून धरू नका. दहा मिनिटे पुरे. रात्रपाळीच्या विजेने पाणी द्यायला जाणाऱ्यांनी परतल्यावर करावे.

मात्र मळणीच्या धुरळ्यात किंवा चुलीच्या धुरात हे करू नका. फवारणी करून आल्यावर आधी साबणाने आंघोळ करा, कपडे बदला. आणि फवारणीनंतर घाम सुटला, डोके गरगरले, दम लागला, तर ती विषबाधा असू शकते. तेव्हा श्वासाचे प्रयोग नकोत. औषधाची बाटली किंवा चिठ्ठी बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

गरोदर बायांनी पालथे पडून करायची आसने करू नयेत. अंतर्गळ असेल, पोटाचे ऑपरेशन झाले असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. कमरेची कळ पायात उतरत असेल, पाय बधिर किंवा लुळा पडत असेल तर आसने थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवीवर ताबा राहिला नाही तर त्याच दिवशी इस्पितळात जा, चोळणाऱ्याकडे नको.

तसेच मनाचेही आहे. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नको, जगणे नको असे वाटते, तर नुसत्या प्राणायामावर विसंबू नका. २०२२ साली सुरू झालेली टेली मानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या नंबरावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. स्वतः फोन करायला जड जात असेल तर घरच्या माणसाने किंवा शेजाऱ्याने लावून द्यावा, आणि बोलणे होईपर्यंत जवळ बसावे.