कर्णाचा सूर्य आणि न आलेली साक्ष

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल तर उत्तमच, कारण आजचं पुस्तक जाडजूड आहे. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. शेवट सांगणार आहे, पण कर्ण मरतो हा काही स्पॉयलर नाही.

कादंबरी आली १९६७ मध्ये. सावंतांचा जन्म १९४० चा, म्हणजे तेव्हा ते आपल्याच वयाचे, कोल्हापुरात शाळेत शिक्षक. कथा सांगतात सहा जण: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्ण.

आता त्यातला सूर्य बघा. सुरुवातीला तो कर्णासाठी प्रश्न असतो: माझीच कुंडलं का चमकतात? मग तो नेम होतो. रोज अर्घ्य द्यायचं आणि दारी आलेल्या याचकाला नाही म्हणायचं नाही. याच नेमाचा फायदा घेऊन इंद्र कवचकुंडलं मागून नेतो. म्हणजे शेवटच्या युद्धात कर्णाच्या अंगावर सूर्याची ती खूणच उरलेली नसते. चाक रुततं, बाण लागतो, सतराव्या दिवसाचा सूर्य मावळतो.

आणि इथे सावंत माईक कृष्णाच्या हातात देतात.

मला हे भारी वाटतं. "मी तेजस्वी" असं आपणच म्हणणं वेगळं. चाक रुतलेलं असताना ज्यानं अर्जुनाला बाण सोडायला लावला, त्यानंच आपली थोरवी सांगणं वेगळं. सूर्य बुडतो, पण उजेड शत्रूच्या सारथ्याच्या तोंडून येतो. कर्णाच्या उद्धाराची सूचना ती हीच.

पण थांबा. भरसभेत द्रौपदीचा अपमान झाला तेव्हा कर्ण नुसता बघत नव्हता, बोलणाऱ्यांत होता. आणि त्या सहा निवेदकांत द्रौपदी नाही! म्हणजे माफीचा निकाल लागतो, पण जिच्यावर अन्याय झाला तिची साक्षच होत नाही.

हे का सांगतोय? रेटिंग कमी मिळालं की आपण कर्ण, ब्रेकअप झालं की कर्ण. ज्यांना खरंच जात विचारून बाजूला काढलं गेलं, त्यांना हा कर्ण आधार देतो, ते मी हलकं करत नाही. पण आपल्यावर झालेल्या अन्यायानं आपण केलेला अन्याय फिटत नाही.

परत वाचाल तेव्हा सूर्य कुठेकुठे येतो ते मार्क करत जा. आणि द्रौपदीनं एक प्रकरण सांगितलं असतं, तर त्यात सूर्य कसा दिसला असता? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!