पत्राच्या दुसऱ्या टोकाचा मित्र

रशियन लेखक सोल्झेनित्सिन तुम्हाला ठाऊक आहेत. १९७० चं नोबेल, तुरुंग, हद्दपारी, सगळं ठाऊक आहे. मला बोलायचंय निकोलाय विटकेविचबद्दल. हा त्यांचा रस्तोवमधला शाळासोबती. दुसऱ्या महायुद्धात दोघं वेगवेगळ्या आघाड्यांवर होते आणि एकमेकांना पत्रं लिहीत होते.

सोव्हिएत सैनिकांची पत्रं म्हणजे त्रिकोणी घडी घातलेला कागद. ना लिफाफा, ना तिकीट. सेन्सॉर वाचणार, हे दोघांना माहीत होतं. तरी स्टालिनला गुंडांच्या म्होरक्याचं टोपणनाव देऊन त्यांनी मनातलं लिहिलंच. त्याच पत्रांवरून ९ फेब्रुवारी १९४५ ला पूर्व प्रशियात कॅप्टन सोल्झेनित्सिनना अटक झाली. बर्लिन पडायला तीन महिनेसुद्धा उरले नव्हते. सजा आठ वर्षं. आणि विटकेविचला? दहा. पुन्हा सांगतो, दहा.

आपल्याकडे जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. खुंटा एक, हात दोघींचे. अर्धा फेरा हिचा, अर्धा तिचा. एकटीला जड जाणारं दळण दोघींत बोलता बोलता सरायचं. शाळासोबत्यांची पत्रं अशीच चालतात. एकानं विचार अर्ध्यावर आणायचा, दुसऱ्यानं पुढं ओढायचा. पीठ पडल्यावर कुठला दाणा कुणी वैरला, हे कोण सांगणार? सोव्हिएत कायद्याला ते सांगायची गरजच नव्हती. एकट्यानं कुरकुर केली तर तो प्रचार. दोघांनी मिळून केली की झाली संघटना. कलम ५८, पोटकलम ११. खुंट्यावर दुसरा हात दिसला, एवढाच पुरावा!

म्हणून म्हणतो, ही पत्रं एकट्या सोल्झेनित्सिनची नाहीत. आपण मोठ्या माणसाचं चरित्र वाचतो आणि ज्याच्यासाठी त्यानं जीव धोक्यात घालून लिहिलं, त्याला तळटीपेत टाकतो. हे मला खटकतं. तो नसता तर ती वाक्यं कागदावर उतरलीच नसती.

पुढं १९७४ मध्ये या मित्रानं जाहीर आरोप केला, की चौकशीत सोल्झेनित्सिननी माझ्याविरुद्ध जबाब दिला. खूप बोलण्यासारखं आहे यावर, पण मिनिटं संपत आलीत. तो आरोप वाचाल तेव्हा आधी ती दहा वर्षं वाचा. आणि हेही ध्यानात घ्या, की त्याच वर्षी फेब्रुवारीत सोल्झेनित्सिनना देशाबाहेर घालवलं होतं. विटकेविच तिथंच राहत होता, त्याच सरकारच्या अमलाखाली.