वाडा कोणाचा?
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात एका टेकडीवर मॉन्टिचेलो नावाचा वाडा आहे. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असे सांगणारा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली ज्यांनी लिहिला, त्या थॉमस जेफरसन यांचा हा वाडा. १९२३ साली एका संस्थेने तो विकत घेतला. आज ते वस्तुसंग्रहालय आहे. मुलाकडे गेलो होतो तेव्हा मी ते पाहून आलो.

वाडा देखणा आहे. वर घुमट, दारातच आठवड्याचे वार दाखवणारे मोठे घड्याळ. जेवणाच्या दालनात फिरते दार आहे. नोकराने बाहेरून ताटे ठेवायची आणि दार फिरवायचे. जेवण येते, पण आणणारा दिसत नाही! मी त्या दारापाशी बराच वेळ उभा राहिलो.

जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसे गुलाम म्हणून बाळगली. दहा ते सोळा वर्षांची पोरं तिथं खिळे घडवायची. १८२६ साली मालक वारले, डोक्यावर कर्ज होते. १८२७ च्या जानेवारीत १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला. जोसेफ फॉसेट या लोहाराला मृत्युपत्राने मुक्ती मिळाली, पण त्याची बायको एडिथ आणि मुलं विकली गेली. एडिथ म्हणजे त्याच वाड्याची मुख्य स्वयंपाकीण!

आता मुख्य गोष्ट सांगतो. सॅली हेमिंग्ज ही तिथली गुलाम स्त्री. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ साली एका वर्तमानपत्राला सांगितले की, आम्ही भावंडं जेफरसन यांचीच मुलं. गुलामाच्या पोराचं कोण ऐकतो? बहुतेक इतिहासकारांनी ते उडवून लावले. घराघरांतून मात्र ती आठवण आजीने नातवाला सांगितली. १९९३ पासून संग्रहालयाने या गुलामांच्या वंशजांच्या आठवणी टिपून घ्यायला सुरुवात केली. १९९८ साली सॅलीच्या धाकट्या मुलाच्या वंशजाची डी.एन.ए. तपासणी झाली आणि ती जेफरसन घराण्याशी जुळली. शेवटी २०१८ साली त्याच वाड्यात सॅलीच्या जीवनावर दालन उघडले.

जेफरसन विद्वान होते, यात वाद नाही. पण वाडा नुसता मालकाचा नसतो. वीट भाजणाऱ्याचा, चुलीपुढे उभी राहणारीचाही असतो. त्यांची नावं कागदावर आली, कारण कुणीतरी सांगत राहिलं आणि कुणीतरी लिहून घेतलं.

बंधू-भगिनींनो, आपल्या आजी-आजोबांनी कुणाचे वाडे बांधले, कोणत्या गिरणीत, कोणत्या रस्त्यावर घाम गाळला, हे त्यांच्या तोंडून ऐकणारे आपणच शेवटचे. माणूस गेलं की ते सगळं गेलं. म्हणून माझी तरुणांना कळकळीची विनंती आहे : आज घरी गेल्यावर एक वही काढा, म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा. नाव, गाव, साल लिहा.

जयभीम!