घाटावरच्या थंडीसाठी सुती विणकाम

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत आणि इथला माणूस ते ‘घाटावर’ व ‘घाटाखाली’ अशा दोन शब्दांत सांगून मोकळा होतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा मुलूख घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा घाटाखालचा. दोन्हीकडच्या हवेत अंतर असले, तरी हिवाळ्याचा एक गुण समान आहे: पौष-माघात पहाटे हातपाय गारठतात, आणि सूर्य कासराभर वर आला की तोच दिवस उबदार होऊन दुपारी उन्हाचा चटका देऊ लागतो. अशा मुलखात शाळेला निघालेल्या मुलाच्या अंगावर आपण जो जाड स्वेटर चढवतो, त्याचा आराखडा बहुतेक वेळा हिमालयाच्या पायथ्याच्या किंवा त्याहूनही दूरच्या थंड देशांच्या गरजेतून निघालेला असतो. आणि त्याचा धागा, दुकानात त्याला लोकर म्हणत असले तरी, पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे रासायनिक कृतीने तयार केलेला असतो. ज्या जिल्ह्याच्या काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकतो, तिथल्या सुयांवर सुती वस्त्र का चढू नये, आणि ते वस्त्र पुस्तकातल्या नमुन्याची नक्कल न राहता विणणारीने स्वतः योजलेले का असू नये, या दोन प्रश्नांचा विचार आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

वऱ्हाडच्या कापसाची कीर्ती जुनी आहे. मुंबईच्या व लिव्हरपूलच्या बाजारात तो ‘उमरा’ या नावाने, म्हणजे उमरावतीच्या नावाने, विकला जाई. खामगावची पेठ त्या व्यापाराचे एक मोठे ठाणे होती. इतके मोठे, की तिच्यासाठी जलंबपासून लोहमार्गाची स्वतंत्र शाखा टाकण्यात आली आणि १८७० साली तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आले होते. गाठोडी बांधून कापूस बाहेर गेला आणि कापड होऊन परत आला, ही हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिची उजळणी मी करीत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की घरोघरी सुयांचे कसब असलेल्या स्त्रिया आणि दारात कापूस, हे दोन्ही असूनही त्यांची गाठ क्वचितच पडली, आणि ती पाडणे आजही आपल्या हाती आहे.

सुयांवरचे विणकाम आणि मागावरचे विणकाम यांतला भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडचा धनगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतो, चिंचोक्याच्या खळीने ताणा कडक करतो, आणि ताण्यातून बाणा आडवा जाऊन वस्त्र सिद्ध होते. ते घट्ट असते, पण ताणत नाही. सुयांवर मात्र ताणा नाही आणि बाणाही नाही: एकच धागा स्वतःचे फास स्वतःतूनच ओढून घेत जातो, आणि प्रत्येक फास थोडा लांबू-रुंदावू शकत असल्यामुळे ते वस्त्र देहाच्या वळणाला शरण जाते. मोजा, कानटोपी, हातमोजा या जिनसा या पद्धतीत शिवणीवाचून घडू शकतात त्या याच कारणाने. आणि हे कसब लोकरीचेच आहे असा जो समज आहे, त्याला इतिहासाचा आधार नाही. इजिप्तमध्ये सापडलेल्या मध्ययुगातल्या विणलेल्या मोज्यांच्या अवशेषांत निळ्या-पांढऱ्या सुताचे, अक्षरे व भौमितिक नक्षी काढलेले सुती मोजे आहेत.

तथापि सूत हे लोकर नव्हे, आणि लोकरीचा नमुना जसाच्या तसा सुतावर उतरवणारीची निराशा ठरलेली असते. लोकरीचा तंतू ताणून सोडला की पूर्वस्थितीला येतो. सुताला ही लवचीकता नाही. शिवाय सूत जड असते, त्यामुळे सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली लांबतो आणि त्याचे काठ सैलावतात. याची तजवीज आरंभीच करावी लागते: अंगाची वीण १० नंबरच्या सुयांवर असेल, तर एक सुलट एक उलट असा काठ १२ नंबरच्या सुयांवर घालावा (आपल्याकडच्या जुन्या मोजणीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते, हे नव्या शिकणारीने ध्यानात ठेवावे), आणि काठाचे टाके अंगापेक्षा दहात एकाने कमी ठेवावेत. चरख्यावरचे एकेरी सूत तसेच विणू नये. एका बाजूला पीळ असलेल्या एकेरी धाग्याचे सपाट विणकाम धुतल्यावर तिरके होते, चौकोनाचा समांतरभुज होतो, आणि कितीही इस्त्री केली तरी तो दोष जात नाही; दोन किंवा तीन धागे एकत्र घेऊन मूळ पिळाच्या उलट दिशेने पीळ दिला, की दोन्ही पीळ एकमेकांना आवरतात आणि वीण सरळ बसते. आखूड तंतूच्या देशी कापसाला सूत होण्यासाठी अधिक पीळ लागतो, त्यामुळे ते सूत किंचित खरखरीत राहते. ते तान्ह्या मुलाच्या झबल्याला वापरू नये, पण बाहेरून घालायच्या बंडीला ते उत्तम.

आता योजनेच्या मुख्य बाबीकडे येऊ. नवे वस्त्र योजणे म्हणजे काही अलौकिक प्रतिभेचे कार्य आहे अशी समजूत करून घेऊन पुष्कळ कुशल हात आयुष्यभर दुसऱ्याच्या नमुन्यावर विणत राहतात. वास्तविक या कलेचा पाया त्रैराशिकाचा आहे. निवडलेल्या धाग्याने व सुयांनी सहा इंची चौकोन विणावा. तो धुवावा, सपाट वाळवावा, आणि कडा सोडून मधल्या चार इंचांतले टाके व ओळी मोजाव्यात. धुण्याची पायरी कोणीही गाळू नये, कारण सूत पहिल्या धुण्यात आटते आणि ते आटणे आपल्या हिशेबात आलेच पाहिजे. समजा, इंचाला ५ टाके आणि ७ ओळी आल्या. मुलाची छाती २६ इंच आहे, सदऱ्यावरून घालायचे म्हणून ४ इंच सैलपणा धरला, तर घेर ३० इंच आणि टाके १५०. हाच चौकोन निष्काळजीपणे मोजला आणि प्रत्यक्षात इंचाला साडेपाच टाके असले, तर तेच १५० टाके सव्वासत्तावीस इंचांचाच घेर देतील आणि स्वेटर अंगाला घट्ट बसेल. अर्ध्या टाक्याची किंमत पावणेतीन इंच! आडाख्यावर विसंबणाऱ्या पुष्कळ निष्णात हातांचे श्रम याच ठिकाणी वाया जातात, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण एका संध्याकाळच्या चौकोनाने ते वाचले असते.

घेराच्या टाक्यांच्या या एका आकड्यावरून संपूर्ण वस्त्र उभे करता येते. मूळच्या इंग्लंडच्या आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी हे प्रमाणशास्त्र मोठ्या सुबोधपणे मांडले: अंगाचा घेर शंभर मानला, तर मनगटाजवळची बाही वीस, दंडाजवळची सुमारे तेहतीस आणि गळा चाळीस. आपल्या दीडशेच्या हिशेबात मनगटाला ३० टाके, दंडाला ५० आणि गळ्याला ६०. गोल सुईवर अंग व बाह्या नळीसारख्या विणून बगलेशी एकत्र करीत गळ्याकडे टाके कमी करीत गेले, की शिवण जवळजवळ उरत नाही. ही प्रमाणे कायदा नव्हेत. दंड भरदार असेल तर तेहतीसचे पस्तीस करावे, आणि अंगाला नेमका बसणारा एखादा जुना कपडा जवळ ठेवून प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. पण एकदा हे सूत्र हाती आले, की पुस्तकातल्या ‘वय सहा ते आठ’ अशा मोघम मापाची गरज संपते आणि विणणारी स्वतंत्र होते.

नक्षीचा प्रश्न यानंतरचा. तिच्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंती कोनाकोनांनी पुढे-मागे होत जातात, आणि ते पायऱ्यांचे वळण टाक्यांच्या भाषेत फार सहजपणे उतरते. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी तर मुळातच चौकटीवर मांडलेली आहे. जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवरच्या भरतकामातले चौकोन व त्रिकोणांचे पट्टेही सुयांवर शोभून दिसतात. मात्र आरसे व कवड्या सुती विणीवर लावू नयेत, त्यांच्या वजनाने वीण ओढली जाते. आणि ही नक्षी बंजारा तांड्यांवरून घेतली आहे, हे सांगताना संकोच करू नये. चौकटीचा कागद घेऊन नक्षी मांडताना एक धोका आहे. कागदावरचे घर चौरस असते, टाका चौरस नसतो. आपल्या चौकोनात इंचाला ५ टाके आणि ७ ओळी आहेत; म्हणून कागदावरचे वीस बाय वीसचे कमळ वस्त्रावर ४ इंच रुंद आणि ३ इंचांहूनही कमी उंच होऊन बसके दिसेल. ते चौरस दिसावे असे वाटत असेल, तर वीस टाक्यांना अठ्ठावीस ओळी मांडाव्या लागतात. दोन रंगांत विणताना मागून नेलेला धागा पाच टाक्यांहून अधिक अंतर मोकळा सोडू नये. लहान मुलाचे बोट त्यात अडकते.

हे सारे अंगावरच्या वस्त्रांचे झाले; बाजाराच्या पिशवीसाठी मात्र दोन सुया बाजूला ठेवाव्यात. सुयांवरची सुती पिशवी भाजी भरताच गुडघ्यापर्यंत लोंबते. क्रोशाच्या मुक्या खांबाची घट्ट वीण तितकी ताणत नाही.

लग्नघरी रुखवत मांडले जाते, तेव्हा टेबलावर रुमाल, तोरणे, टोपडी, मोजे यांची रास असते, आणि तिच्यात एखादी वीण अशी सापडते की जी कोणत्याही पुस्तकात नाही. पाहणारे वाहवा करतात. पण ती वीण किती टाक्यांची, कोणत्या ओळीला दोनाचा एक केला, धागा पुढे कुठे घेतला, याची नोंद कोठेही नसते, आणि ती काकू किंवा आजी गेली की ती वीणही जाते. म्हणून प्रत्येक विणणारीने एक वही ठेवावी, असा माझा आग्रह आहे. तीत धाग्याचा तुकडा डकवावा, सुयांचे नंबर, चौकोनाचे माप, एकूण टाके, कमी-जास्त केल्याच्या ओळी आणि स्वतःचे नाव व साल लिहावे.

राहिली निगा. सुती विणकाम गार पाण्यात धुवावे, पिळू नये; पंच्यात गुंडाळून दाबावे म्हणजे पाणी निघते. मग दोरीवर न टांगता बाजेवर सपाट पसरून, मूळ मापाला हाताने सारखे करून सावलीत वाळवावे. दोरीवर टाकलेला ओला सुती स्वेटर वाळेपर्यंत दोन बोटे लांब होतो आणि पुढच्या धुण्यात आणखी.