ग्विन आणि रेन्स

अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील कूपर्सटाऊन या लहानशा गांवीं बेसबॉलच्या थोर खेळाडूंचें स्मृतिमंदिर आहे. पत्रकारांच्या मतदानांत शेंकडा ७५ मतें पडलीं म्हणजे खेळाडूला तेथें स्थान मिळतें. २००७ सालीं सॅन डिएगोच्या टोनी ग्विनला शेंकडा ९७.६ मतें मिळालीं. पुढच्याच वर्षीं माँट्रिऑलकडून गाजलेल्या टिम रेन्सचें नांव मतदानास आलें. त्याच्या पदरीं पडलीं अवघीं २४.३! दोघेही एकाच काळांतले, आणि दोघांची खेळावयाची जागाही बाहेरच्या मैदानांतली. मग एकाचें पारडें इतकें जड कां ठरावें?

कारण उघड आहे. ग्विनची फटक्यांची सरासरी .३३८, तर रेन्सची .२९४. हजार प्रयत्नांमागें चव्वेचाळीस यशस्वी फटक्यांचें हें अंतर थोडें नव्हे. परंतु ही सरासरी एक गोष्ट हिशेबांतच घेत नाहीं. चेंडू फेंकणाऱ्यानें चार चेंडू मर्यादेबाहेर टाकले आणि फलंदाजानें त्यांना बॅट लावण्याचा मोह आवरला, कीं तो आपोआप पहिल्या बेसवर जाऊन उभा राहतो. क्रिकेटच्या रसिकाला ही फुकटची कमाई वाटेल. वस्तुतः ती संयमाची कमाई आहे. ग्विनला ती ७९० वेळां मिळाली, रेन्सला १३३० वेळां.

आतां बेरीज पाहावी. ग्विनचे ३१४१ फटके, हे ७९०, आणि चेंडू अंगाला लागून मिळालेले २४ प्रसंग मिळून तो ३९५५ वेळां बेसवर पोहोंचला. रेन्सचे २६०५, १३३० आणि ४२ मिळून ३९७७ होतात. दोघांना फळीवर येण्याची संधीही जवळजवळ सारखीच, दहा हजारांच्या थोडी वर, मिळाली होती. म्हणजे बाद न होण्याच्या कलेंत दोघे तुल्यबळ! नऊ डावांत सत्तावीसच गडी बाद व्हावयाचे असतात. त्या खेळांत हीच कला मुख्य होय.

तथापि फटका आणि फुकटचा बेस यांची किंमत सर्वत्र सारखी नसते, हें विसरतां कामा नये. दुसऱ्या बेसवर गडी उभा असतां ग्विननें एकेरी फटका मारला, तर तो गडी बहुधा घरीं येऊन धांव पुरी करतो. तेथेंच रेन्सला फुकटचा बेस मिळाला, तर पुढचा गडी जागचा हलतही नाहीं. या बाबतींत ग्विन निःसंशय सरस.

पण रेन्स बहुधा फळींत पहिला येई. डावाच्या आरंभीं बेस मोकळे असतात. पुढें सरकवावयाला कोणी नसतें, आणि मग फुकटचा बेस व एकेरी फटका यांत भेद उरत नाहीं. शिवाय बेसवर आलेला रेन्स स्वस्थ बसणारा नव्हे. त्यानें ८०८ बेस चोरले आणि त्या प्रयत्नांत तो १४६ वेळांच सांपडला. ग्विनचे हेच आंकडे ३१९ व १२५. चोरी फसली तर चालता गडी जातो आणि बादांतही एकाची भर पडते. म्हणून चारांत तीनदां तरी यश आल्याखेरीज हा धंदा फारसा किफायतीचा होत नाहीं. रेन्सचें प्रमाण त्याच्या बरेंच वर, ग्विनचें किंचित् खालीं.

तेव्हां ज्या संघाला मधल्या क्रमावर बेसवरील गडी घरीं आणणारा हवा, त्यानें ग्विनला निवडावें. ज्याच्याकडे असे दोघेतिघे आहेत पण त्यांच्यापुढें बेस रिकामे राहतात, त्याला रेन्सच अधिक मोलाचा. मतदारांनीं सरासरीचा एकच रकाना वाचला, येथें त्यांची चूक झाली.

रेन्सला कूपर्सटाऊनचें दार उघडलें तें २०१७ सालीं, दहाव्या आणि शेवटच्या संधीस, शेंकडा ८६ मतांनीं. ग्विन २०१४ सालींच निवर्तला होता.