काचेवरची बटणं आणि घरातले हात



पनवेलच्या बाजारात घरगुती उपकरणांच्या एखाद्या दुकानात आज शिरलं, तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. बटणं नाहीशी होत चालली आहेत. इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह, चिमणी, वॉशिंग मशीन, जिकडे पाहावं तिकडे काळी, गुळगुळीत काच. खारघर, कामोठे, नवीन पनवेलमधल्या नव्या स्वयंपाकघरांत ती शोभूनही दिसते. पण दुकानात शोभणारी वस्तू घरात सोयीची ठरतेच असं नाही. घरातल्या आजी कालपर्यंत स्वतःचा चहा स्वतः करून घेत होत्या आणि नवी शेगडी आल्यापासून त्यांना सुनेला हाक मारावी लागते, असं झालं तर आपण सुधारणा केली की आजींचा एक हक्क काढून घेतला? आज याच प्रश्नाबद्दल बोलू या.

आधी ही काच काम कशी करते ते पाहू. जुन्या खटक्यात धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि वीज वाहू लागते. काचेच्या पॅनेलमध्ये काहीच हलत नाही. काचेखाली प्रत्येक खुणेच्या जागी एक विद्युतवाहक पट्टी असते. तिच्याभोवती अगदी क्षीण विद्युतक्षेत्र असतं. आपलं शरीर वीजवाहक आहे. त्यामुळे बोट जवळ आलं, की त्या जागेची विद्युतधारिता किंचित बदलते. आतली चिप हा बदल सतत मोजत असते आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की बटण दाबलं गेलं असं समजते.

म्हणजे या काचेला दाब कळत नाही, फक्त जवळीक कळते. आणि इथेच आपल्याकडची अडचण सुरू होते, कारण पाण्यामुळेही हीच धारिता बदलते. सांडलेलं पाणी तिला बोटासारखं वाटू शकतं आणि कामाने राठ झालेलं, कोरडं बोट कधीकधी तिला जाणवतच नाही. पनवेलचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. जून ते सप्टेंबर हवा दमट, ओट्यावर सतत ओल. त्यात स्वयंपाक करणाऱ्याचा हात कधी ओला, कधी कणकेचा, कधी तेलाचा. प्रयोगशाळेतलं कोरडं, स्वच्छ बोट आपल्या स्वयंपाकघरात फार थोडा वेळ भेटतं. चांगला रचनाकार यावर उपाय करतो. एकाच वेळी शेजारच्या तीन-चार खुणांवर बदल दिसला, तर ते पाणी असणार असं चिपला शिकवता येतं. शेगडीने अशा वेळी बंद होणं योग्यच. पण ती का बंद झाली हेही तिने सांगायला हवं. नुसतं टूं टूं वाजलं, तर माणूस घाबरतो किंवा दुरुस्तीवाल्याला बोलावतो.

आता या बदलात काय गेलं ते बघा. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक १९८८ मध्ये लिहिलं. त्यात त्याने शेगडीचंच उदाहरण घेतलं आहे. आपली दोन बर्नरची गॅसची शेगडी आठवा. डावा नॉब डाव्या बर्नरचा, उजवा उजव्याचा. कुणी शिकवावं लागत नाही. चार बर्नर आले आणि नॉब एका ओळीत बसवले, की गोंधळ सुरू. शिवाय नॉब किती फिरवला हे हाताला कळतं. दूध उतू जायला लागलं, की नजर पातेल्यावर ठेवून हात आपोआप नॉबकडे जातो. काचेवर ते जमत नाही. तिथे आधी खूण शोधायची, मग बोट नेमकं टेकवायचं आणि शेगडीने ऐकलं की नाही हे पुन्हा डोळ्यांनीच तपासायचं. तोवर दूध ओट्यावर.

टचस्क्रीनचा जन्म कुठे झाला हे पाहिलं, की हे कोडं उलगडतं. १९६५ मध्ये ई. ए. जॉन्सन या ब्रिटिश संशोधकाने बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. ती विमानवाहतूक नियंत्रणासारख्या कामांसाठी होती. तिथला माणूस प्रशिक्षित आणि त्याची नजर पडद्यावरच खिळलेली. मोबाइलचंही तसंच, आपण त्याच्याकडेच बघत असतो. शेगडी वापरताना मात्र आपण बघतो भांड्याकडे.

जिथे नजर दुसरीकडे हवी तिथे काच धोक्याचीही ठरते. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजाला धडकली आणि १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. सुकाणू आणि वेग यांचं नियंत्रण टचस्क्रीनवरून एका जागेहून दुसरीकडे देताना झालेला गोंधळ आणि अपुरं प्रशिक्षण, दोन्ही गोष्टी चौकशीत पुढे आल्या. २०१९ मध्ये नौदलाने वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताने हलवायचे दांडे बसवायचं ठरवलं. युरोपात मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या संस्थेनेही २०२६ पासूनच्या निकषांत इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा कामांसाठी प्रत्यक्ष बटणांना महत्त्व दिलं आहे.

उत्तम रचनेचं एक उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं आहे. आपण सगळ्यांनी ते वापरलंय. मतदान यंत्र! त्याच्या बाह्य रचनेत पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांचा वाटा आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातल्या सर्व मतदारसंघांत ही यंत्रं वापरली गेली. एका नावासमोर एक चिन्ह, त्यासमोर एक निळं बटण. बटण दाबलं की बोटाला कळतं, लाल दिवा लागला की डोळ्याला कळतं, लांब आवाज झाला की कानाला कळतं. शेजारी ब्रेलमधला अनुक्रमांकही असतो. अक्षरओळख नसलेला माणूसही कुणाच्या मदतीशिवाय मत देऊन बाहेर येतो. यंत्राने एकच गोष्ट तीन इंद्रियांना सांगावी, हा धडा शेगडीलाही लागू पडतो.

काचेची बाजूही मांडायला हवी. तिच्या फटींत तेल, पीठ, झुरळं शिरत नाहीत. एका फडक्याने ती स्वच्छ होते. लहान मुलांसाठी तिला कुलूप लावता येतं. वीज जाऊन परत आली, तर जुन्या खटक्याची शेगडी न सांगता तापू लागते. काचेची शेगडी नीट रचलेली असेल, तर आज्ञेची वाट बघते. वॉशिंग मशीनने मात्र राहिलेलं काम तिथूनच पुढे न्यावं. कुठे विसरायचं आणि कुठे लक्षात ठेवायचं, हा निर्णय रचनाकाराचा. आपल्याकडे भिंतीवरच्या प्लगलाच खटका असतो आणि काम झालं की आपण तो बंद करतो. अनेक मायक्रोवेव्हना हे ठाऊकच नसतं. दर वेळी ते घड्याळ लावायला सांगतात.

भाषेचंही तसंच. इंग्रजी आठसारख्या दिसणाऱ्या सात रेघांच्या दिव्यांवर आकडे उमटतात, देवनागरी उमटत नाही. पूर्ण पडदा आला, की हे बंधन संपतं. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक विंडोज २००० बरोबर जगभरच्या संगणकांवर गेला. पवईच्याच आयआयटीने २०१३ मध्ये मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ दिलं. व्यंजनावर बोट ठेवलं, की भोवती त्याची बाराखडी उघडते. एवढं घरातच तयार असताना कपडे धुण्याच्या यंत्रावर ‘सुती’, ‘रेशमी’, ‘पिळणे’ हे शब्द का नसावेत? त्या गोल खुणेचंच बघा. उभी रेघ म्हणजे १, चालू. वर्तुळ म्हणजे ०, बंद. दोन्ही मिळून चालू-बंदचं बटण. ज्याला हे कुणी सांगितलं नाही, त्याच्यासाठी ती नुसती नक्षी.

सर्वांत मोठा प्रश्न दृष्टिहीनांचा. उठावदार बटण बोटाने वाचता येतं. सपाट काच त्यांच्यासाठी भिंतच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या ४३ व्या कलमात सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंना चालना देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. कायदा घरात पोहोचेपर्यंत घरातली माणसं आपला मार्ग काढतात. काही घरांत काचेवर ‘स्टार्ट’च्या शेजारी टिकली चिकटवलेली असते. बोट टिकलीवर गेलं, की बटण सापडलं. युक्ती छान आहे. फक्त टिकली खुणेवर न लावता शेजारी लावा, आणि शेगडीच्या तापणाऱ्या भागापासून दूर. पण ही टिकली यंत्र बनवणाऱ्यांसाठी निरोपही आहे. काचेत एक छोटा खळगा किंवा उंचवटा ठेवला असता, तर तिची गरजच पडली नसती.

म्हणून श्रोतेहो, पुढच्या वेळी खरेदीला जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर न्या. विक्रेत्याला यंत्र चालू करून दाखवायला सांगा आणि मग ते त्यांच्या हाती द्या. बोट थोडं ओलं करून बघा. चश्मा काढून बघा. चालू करणं एक वेळ कठीण चालेल, पण बंद करणं एका स्पर्शात जमलं पाहिजे. मुलांसाठीचं कुलूप चुकून लागलं, तर ते कसं काढायचं हे तिथेच विचारून घ्या. आणि ज्यांना वापरता आलं नाही, त्यांना ‘तुम्हाला नाही जमायचं’ असं म्हणू नका. विक्रेत्याला सांगा, ‘या यंत्राला आमच्या घरात नाही जमायचं.’ अशी दहा गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने परतली, तर निरोप कारखान्यापर्यंत नक्की पोहोचेल.