मुलीचे नाव शिबिराच्या वहीत
(विहारातील पालकसभेत केलेले भाषण)



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या तरुण मंडळाचे कार्यकर्ते वही घेऊन घरोघर फिरू लागतात. निवासी शिबिराची माहिती सांगतात, नावे मागतात. मुलाचे नाव आपण तात्काळ देतो. मुलीचे नाव विचारले की घरातील माणसे एकमेकांकडे पाहतात आणि ‘बघू, मागाहून कळवू’ असे उत्तर मिळते. ते कळविणे बहुधा राहूनच जाते. आज मला आपणांशी या ‘बघू’विषयी बोलावयाचे आहे.

आपण नुकतीच दीक्षा घेतली आहे. बावीस प्रतिज्ञांपैकी नववी आणि दहावी प्रतिज्ञा समतेविषयी आहेत, हे आपणांस मुखोद्गत आहे. परंतु घरातील समता मोजावयाची तर सुट्टीचे दिवस पाहावेत. मुलगा सुट्टीत मोकळा असतो. मुलीची मात्र शाळा तेवढी बंद होते. पाणी, भांडी, धाकटी भावंडे, कुरडया-पापड आणि नात्यातील लग्ने ही सर्व तिच्या अंगावर येतात. आई मजुरीस वा धुण्याभांड्यास जाते, तेव्हा घर त्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीवरच चालते. या अडचणीस मी क्षुल्लक मानीत नाही. ‘मुलीस पाठवा’ असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. ती गेल्यावर हंडा कोण उचलील, हे सांगणाऱ्याने सांगितले पाहिजे.

माझे उत्तर असे की तिचा भाऊ उचलील, आणि वडील उचलतील. मात्र तिच्या जाण्याच्या दिवशी हे ठरवून भागत नाही. महिनाभर आधी मुलास भात शिजविण्यास, भाकरी थापण्यास बसवा. पहिल्या भाकरी वाकड्या होतील; त्या खाव्यात. आणखी एक गोष्ट मातांस सांगतो. मुलगी परत येईपर्यंत कामे साठवून ठेवू नका. दहा दिवसांची धुणी कोपऱ्यात तिची वाट पाहत असली, तर पुढील वर्षी ती स्वतःच ‘मला जावयाचे नाही’ म्हणेल, आणि आपण म्हणाल की तिलाच आवड नाही.

दोघांची फी परवडत नसेल तर जो आजवर गेलेला नाही त्यास प्रथम पाठवा. बहुतेक घरांत तो मुलगा नसतो.

आता दुसरे कारण. ‘दिवस वाईट आहेत, मुलीची जात’ असे म्हटले जाते. ही ‘जात’ आपण कोठून आणली हा प्रश्न मी आज बाजूस ठेवतो. भीती मात्र खरी आहे. प्रश्न एवढाच की भीती वाटल्यावर करावयाचे काय? नागपूर येथे १९४२ च्या जुलैत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या स्त्रियांची परिषद भरली. बाबासाहेब तेथे बोलले. सहस्रावधी स्त्रिया जमल्या होत्या. जेथे स्त्रिया राबतात त्या गिरण्यांत देखरेखीस स्त्रियाच नेमाव्यात, अशी मागणी त्या परिषदेने केली. गिरणीतील धोका त्या बायांना आपणांहून अधिक ठाऊक होता. तरी ‘बायांनी गिरणीत जाऊ नये’ असा ठराव त्यांनी केला नाही. त्यांनी व्यवस्था मागितली.

आपणही व्यवस्था मागावी. रात्री मुलींच्या निवासात कोणत्या स्त्रिया राहणार? संडास-न्हाणीघर वेगळे आहे काय, त्यास आतून कडी आहे काय, रात्री तेथे दिवा असतो काय? पाळी आलेल्या मुलीची सोय काय? मुलीस घरी बोलावेसे वाटले तर कोणाच्याही परवानगीवाचून बोलता येईल काय? हे प्रश्न सभेत, सर्वांसमक्ष, आणि विशेषतः वडिलांनी विचारावेत. आयोजक चिडले तर तेथे मुलगी पाठवू नका; मात्र मुलगाही पाठवू नका, कारण जी जागा मुलीस असुरक्षित ती मुलासही सुरक्षित नसते. प्रश्न विचारणे म्हणजे कार्यकर्त्यांवर अविश्वास दाखविणे, अशी समजूत आपल्यात आहे. मला ती अगदीच अमान्य आहे. चळवळ आपली आहे म्हणूनच विचारावयाचे.

व्यवसायाने मी वकील असल्याने कायद्याचे दोन शब्द बोलतो. २०१२ चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्यास लोक ‘पोक्सो’ म्हणतात, तो अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी या दोघांसही लागू आहे. असा अपराध घडल्याचे ज्यास कळते, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे; न कळविणे हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालील माणसाचा अपराध दडविला तर त्याची शिक्षा अधिक आहे. ‘विहाराचे नाव जाईल, आपसांत मिटवू’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाही अध्यक्षास नाही. मुलीचा जबाब तिच्या घरी घेता येतो, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने आणि गणवेशावाचून घ्यावयाचा असतो, आणि मुलीस रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. १०९८ हा क्रमांक मुलीस पाठ करावयास लावा. आणि जाण्यापूर्वी तीस एकदा स्पष्ट सांगा की काही घडले तर दोष तुझा नसेल, आणि त्यासाठी तुझी शाळा वा शिबिर बंद होणार नाही. मुली गप्प राहतात त्या बहुधा या दुसऱ्या भीतीने.

शिबिराहून आलेली मुलगी थोडी निराळी असेल. ती मोठ्याने बोलेल. भाऊ ताट उचलीत नाही हे तिच्या डोळ्यांस खुपेल. कदाचित ठरत असलेल्या सोयरिकीविषयी विचारील. ‘शिबिराने बिघडविली’ असे शेजारी म्हणतील. तेव्हा तीस गप्प करू नका. तेथे काय शिकलीस ते जेवताना सर्वांसमक्ष सांग, म्हणा. पुढे वर्षभर मंडळात तिच्याकडे रांगोळी, चहा आणि पाहुण्यांस पुष्पगुच्छ एवढेच येत असेल, तर हिशेबाची वही आणि १४ एप्रिलचे भाषण तीस का देत नाही, असे आपणच मंडळास विचारावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पुष्कळ शिबिरांच्या संमतिपत्रावर ‘पित्याची सही’ एवढीच जागा असते. ज्यांचे पती परगावी कामास आहेत, वा संसार सोडून गेले आहेत, अशा माता तो कागद तसाच परत करतात. पालकत्वाचा १९५६ चा कायदा आपणां बौद्धांसही लागू आहे, आणि पित्याच्या हयातीतही, तो मुलांची जबाबदारी घेत नसेल तर, माता नैसर्गिक पालक ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले आहे. तेव्हा भगिनींनो, ‘पित्याची’ हा शब्द खोडा, वर ‘मातेची’ असे लिहा आणि सही करा. कोणी कागद परत केला तर तो घेऊन माझ्याकडे या. वही आज दारापाशीच ठेवली आहे.